तांबडा विंचू आणि देहाची शर्थ

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास सांगताना बंदरे, किल्ले, लोकमान्यांचे जन्मघर आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा बंदिवास यांची आठवण हटकून होते. या जिल्ह्यातील माणसे कशाने मेली, हा प्रश्न मात्र इतिहासात क्वचितच विचारला जातो. प्लेग, देवी, पटकी यांसारख्या साथी सरकारदरबारी नोंदल्या गेल्या, कारण त्या एकाच वेळी शेकडो घरांत शिरत. पण एखाद्या वाडीतील एकाच घरात शिरून, सायंकाळपर्यंत अंगणात खेळणारे मूल पहाटेपूर्वी घेऊन जाणारा मृत्यू साथ म्हणून कोणत्याही दप्तरात चढत नाही. कोकणच्या तांबड्या विंचवाने आणलेला मृत्यू असा होता. घरोघरी तो ठाऊक होता, आणि त्याच्यावर इलाज नाही हेही घरोघरी गृहीत धरलेले होते.

त्या मृत्यूची, आणि त्यावर माणसाने मिळवलेल्या उपायाची हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत. तिचे महत्त्व कोकणापुरते मर्यादित नाही. आजार हाताबाहेर जातो तेव्हा देह नेमका कसा ढासळतो, हा वैद्यकाचा फार जुना प्रश्न आहे. दीर्घ दुखण्यात त्याचे उत्तर सहजी सापडत नाही, कारण वय, अशक्तपणा आणि जुने विकार असे अनेक धागे तेथे एकमेकांत गुंतलेले असतात. विंचूदंशात तो गुंता नसतो. धडधाकट शरीर, दंशाची निश्चित वेळ आणि पुढील काही तासांत घडणारी सारी घटना वैद्याच्या डोळ्यांपुढे असते. तिच्याकडे नीट पाहणाऱ्यांना जे दिसले ते अनपेक्षित होते. देह येथे केवळ विषाच्या माऱ्याने पडत नाही. विषाने चेतवलेली स्वतःची राखणदार शक्ती एकदम आणि अमर्याद उधळली गेल्यामुळे तो पडतो.

भूमी आणि विंचू

कोकणची भूमी जांभ्याची. जांभा हा भोकाभोकांचा दगड. त्याचे चिरे रचून घरे उठतात आणि आगराभोवती गडगे घातले जातात. गडग्याच्या प्रत्येक सांदीत लहान जिवांना आयते घर मिळते. त्यात घरामागे लाकडांची रास, शेणींचा ढीग, भाताच्या पेंढ्याची उडवी आणि पडवीच्या कोपऱ्यात उतरवून ठेवलेली जुनी कौले. विंचू हा निशाचर प्राणी. दिवसभर तो अशा सांदीकोपऱ्यांत दडून राहतो आणि रात्री झुरळे, किडे टिपण्यासाठी बाहेर पडतो. माणसाच्या मागे तो आपण होऊन कधीच लागत नाही. हाताखाली किंवा पायाखाली दाबला गेला म्हणजे नांगी उचलतो.

आणि कोकणातील शेतकऱ्याचे हात नेमके अशाच जागी जातात. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची असते. त्यासाठी कवळ, पालापाचोळा आणि वाळलेले शेण गोळा करून राब रचावा लागतो. पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा आत घ्यावा लागतो आणि छपराची कौले चाळावी लागतात. ही सारी कामे उघड्या हातांनी आणि अनवाणी पायांनी होतात. पहिल्या पावसाचे पाणी बिळांत शिरले की विंचूही कोरडी जागा शोधत घरात येतो आणि वहाणेत, वाळत घातलेल्या कपड्यांत, जमिनीवरच्या अंथरुणात सापडतो.

विंचवांचे दोन प्रकार येथील माणसाला चांगले परिचयाचे आहेत. एक काळी इंगळी. ती थोराड असते, तिचे पुढचे चिमटे जाडजूड असतात आणि तिला पाहताच माणूस दचकतो. दुसरा तांबडा विंचू. तो उणापुरा ५ ते ९ सेंटिमीटर लांब असतो. त्याचे चिमटे बारीक, पण शेपूट जाड. भय वाटते ते इंगळीचे, आणि जीव जातो तो तांबड्या विंचवाच्या दंशाने. शास्त्रज्ञांच्या नजरेत हा विंचू फार पूर्वी आला होता. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने १७९८ साली त्याला ‘टॅम्युलस’ हे नाव दिले. पुढे १९०० साली पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने भारतातील विंचवांचे व कोळ्यांचे वर्णन करणारा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा या विंचवाच्या येथील प्रकाराला कोकणावरून ‘कोंकणेन्सिस’ असे नाव मिळाले. याप्रमाणे शास्त्राच्या वहीत कोकणचे नाव विंचवाला जोडले गेले. मात्र त्याच्या दंशाने माणूस का मरतो, हे त्या वहीत लिहायला आणखी पाऊणशे वर्षे लागावयाची होती.

उतारा का पटत असे

१८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरने या जिल्ह्यातील फुरशांची खास दखल घेतली आहे. फुरसे मारून आणणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. विंचवाकडे मात्र शत्रू म्हणून कमी आणि दैव म्हणून अधिक पाहिले गेले. संत एकनाथांनी आपल्या भारुडात विंचवाला मनोविकारांचे रूपक केले, ते लोकांना तत्काळ समजले, कारण विंचू उतरवण्याचा प्रकार प्रत्येकाने पाहिलेला होता. गावात कोणीतरी मंत्र जाणणारा असे. कोणी आघाड्याचे मूळ उगाळून लावी, कोणी चिंचोका घासून दंशाच्या जागी चिकटवी. मध्यरात्री कंदील घेऊन वैद्याकडे किंवा मांत्रिकाकडे धावण्यात कोणत्या धर्माचे घर मागे होते, असे म्हणता येणार नाही.

या उपायांना आज केवळ हसून भागणार नाही. ते इतकी शतके टिकले, त्याला कारण होते. विंचू चावलेल्या बहुतेक माणसांना असह्य कळ येते आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते. इंगळीच्या दंशात तर बहुधा एवढेच घडते. त्या काही तासांत जो मंत्र म्हणेल आणि जे मूळ लावले जाईल, त्याला यश मिळणारच. दहांपैकी आठ-नऊ जणांना गुण आला, तर उरलेल्याचा मृत्यू दैवावर घातला जातो आणि उपायाचा लौकिक अबाधित राहतो.

यात एक घातक फसगतही होती. ज्यांच्या अंगात विष भिनते त्यांना पुष्कळदा दंशाच्या जागी फारशी कळ नसते. त्यामुळे ‘कळ थांबली, विष उतरले’ असे म्हणून घरची माणसे निर्धास्त होत. तोवर मुलाचे कपडे घामाने ओलेचिंब झालेले असत आणि हातपाय गार पडू लागलेले असत. ज्या घटकेला हालचाल करावयाची ती घटका समाधानात जाई.

परळच्या प्रयोगशाळेतील धर्मगुरू

हे उपाय खरे की खोटे, याची शास्त्रीय तपासणी प्रथम ज्यांनी केली त्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होते, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल.

मुंबईत परळ येथे १८९९ साली डॉ. हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. हीच वास्तू अठराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत येशूसंघीयांकडे होती आणि इंग्रजांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली होती. इतिहासाचा योग असा की सुमारे दोनशे वर्षांनी त्याच छपराखाली फादर जाँ फर्दिनां कायुस हे फ्रेंच येशूसंघीय औषधिविज्ञानाचे संशोधन करू लागले. त्यांचे सहकारी होते डॉ. के. एस. म्हसकर.

या दोघांनी हाती घेतलेले काम कष्टाचे होते आणि कीर्ती मिळवून देणारे मुळीच नव्हते. भारतभर सर्पदंशावर ज्या ज्या वनस्पती वापरल्या जात, त्या गोळा करून एकेक तपासावयाची. १९३१ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ३१४ वनस्पती आणि वनस्पतींची १८४ मिश्रणे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिली होती. निष्कर्ष असा की त्यांपैकी एकीनेही विषबाधा टळत नाही किंवा बरी होत नाही. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, भारतीय विंचवांवरील त्यांचा प्रबंध निघाला. विंचवावर सांगितल्या जाणाऱ्या वनस्पतींचीही त्यांनी अशीच परीक्षा घेतली.

याच सुमारास एका मोठ्या ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध होत होती. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर वामनदास बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील हा ग्रंथ १९१८ साली प्रथम निघाला होता. दुसऱ्या आवृत्तीचे संस्करण फादर एथेलबर्ट ब्लॅटर, फादर कायुस आणि डॉ. म्हसकर या तिघांनी केले. फादर ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय, मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नाणावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. हा ग्रंथ चाळणाऱ्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. वनस्पतीचे पारंपरिक उपयोग आदराने नोंदवलेले असतात आणि खाली, जेथे लागू असेल तेथे, सर्पविषावर किंवा विंचवाच्या विषावर ती निरुपयोगी असल्याचा शेरा कायुस-म्हसकरांच्या नावाने दिलेला असतो. पानामागून पान हा नकार येत राहतो.

या नकाराची थोरवी आम्हांला फार वाटते. फादर कायुस वनस्पतींचे वैरी नव्हते. भारतातील औषधी व विषारी वनस्पतींवर त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ लेखमाला लिहिली, ती प्रेमाशिवाय लिहून होणारी नाही. पण ज्या मुळीवर भरवसा ठेवून बाप आपल्या मुलाजवळ रात्र काढतो, ती मुळी त्याला वाचवू शकत नाही हे कोणीतरी सांगणे आवश्यक होते. खोटा दिलासा दूर झाल्याशिवाय खऱ्या उपायाचा शोध सुरूच होत नाही. त्यांच्या हयातीत तो उपाय सापडला नाही. वाट मात्र मोकळी झाली.

जगात काय चालले होते

त्याच १९३२ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी देहाच्या शहाणपणावरील आपले प्रसिद्ध पुस्तक प्रकाशित केले. थंडी, भूक, रक्तस्राव, भय अशा प्रत्येक प्रसंगी शरीर आपली आतील स्थिती समतोल राखण्यासाठी झटते, हे त्यांनी दाखवून दिले होते. संकटाच्या क्षणी मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात सुटते. त्याने हृदय वेगाने चालू लागते, त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तातील साखर वाढते. देह लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने यात पुढची पायरी जोडली. ताण कोणताही असो, शरीर प्रथम हाक देते, मग प्रतिकार करते, आणि ताण हटला नाही तर अखेर थकून कोसळते, असे त्याने प्रतिपादले.

तांबड्या विंचवाच्या दंशाचे कोडे उलगडण्याची किल्ली या विचारात होती. पण ती कुलपापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला. तोवर जगातील वैद्य विषावर प्रतिविष शोधत होते. चार्ल्स टॉड यांनी कैरो येथे १९०९ साली विंचवाच्या विषावरील रक्तरसाचे प्रयोग प्रसिद्ध केले होते आणि ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनीही असे प्रतिविष तयार केले होते. परंतु विंचवाचे विष जातीजातीनुसार भिन्न. मिसरच्या विंचवाचा उतारा कोकणच्या विंचवाला चालत नाही.

१९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात भारतातील विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरल्याचे नोंदवले. १९६३ मध्ये त्रिनिदाद बेटावरील डॉ. पून-किंग यांनी विंचूदंशाने हृदयाच्या स्नायूवर होणारा परिणाम दाखवला. पुढे इस्रायलमधील डॉ. मोशे गेरॉन यांनी अशा रुग्णांच्या मूत्रात ॲड्रिनलिनच्या कुळातील द्रव्यांचे प्रमाण वाढलेले असते हे सिद्ध केले. तीन दूरदूरच्या देशांतील धागे एका दिशेने येत होते.

देह कसा ढासळतो

आता आपण त्या रात्रीकडे वळू आणि मुलाच्या शरीरात काय घडते ते पाहू.

आपले मज्जातंतू संदेश नेतात ते सूक्ष्म दारांची उघडझाप करून. संदेश जाताना दार उघडते आणि गेल्यावर मिटते. विंचवाच्या विषातील काही द्रव्ये ही दारे मिटू देत नाहीत. मग मज्जातंतू एकच हाक पुन्हा पुन्हा देत राहतात. आपल्या इच्छेवर न चालणारी जी मज्जासंस्था हृदय, आतडी, घर्मग्रंथी आणि रक्तवाहिन्या यांचा कारभार पाहते, तिच्यात प्रचंड वादळ उठते.

पहिल्या टप्प्यात मुलाला उलट्या होतात, लाळ गळते आणि घामाने अंग निथळते. दुसऱ्या टप्प्यात ॲड्रिनलिन व तत्सम द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदयाची धडधड वाढते. पण ज्या नळ्यांत त्याने रक्त लोटावयाचे त्याच आवळून बसलेल्या असतात. बंद दारावर धडका देणाऱ्या माणसासारखी हृदयाची अवस्था होते. काही तासांत त्याच्या डाव्या कप्प्याचे बळ सरते. पुढे न सरकलेले रक्त मागे फुफ्फुसांत तुंबते आणि त्यातील पाणी श्वासाच्या पोकळ्यांत पाझरते. मूल खोकू लागते, त्याला आडवे झोपवत नाही, तोंडाला गुलाबी फेस येतो. शेवटी चढलेला रक्तदाब कोसळतो.

या साऱ्या क्रमात शरीराने नवे असे काहीच केलेले नसते. घाम, धडधड, आवळलेल्या वाहिन्या, वाढलेली साखर, ही संकटकाळी जीव वाचवणारीच साधने होत. वाघ पुढे आला तर हीच आपल्याला पळवतील. फरक इतकाच की वाघ निघून गेला म्हणजे ती आवरती घेतली जातात. येथे आवरण्याची आज्ञाच पोहोचत नाही. पेढीतील ठेव जपून वापरली तर वर्षभर पुरते. एका रात्रीत काढली तर सकाळी दिवाळे निघते. देहाच्या शर्थीचे येथे तसेच होते.

बिरवाडी, पोलादपूर, महाड

ही गोष्ट कोकणात रुग्णाच्या खाटेशी बसून ज्यांनी ओळखली, ते डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातील जालना भागाचे. नागपूरहून वैद्यकीय पदवी घेऊन ते १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हाचा तो कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. पोलादपूरहून कशेडीचा घाट चढून उतरले की रत्नागिरी जिल्ह्याचा खेड तालुका लागतो. भूमी एक, घरे एकसारखी आणि विंचूही तोच.

त्या काळी विंचूदंशाच्या रुग्णाला गुंगीच्या औषधांचे मिश्रण, ॲट्रोपीन, स्टेरॉइड, लघवी वाढवणारी औषधे असे काहीबाही दिले जाई. रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. तरुण डॉक्टरांनी प्रथम एकच साधे काम केले. ते रुग्णाजवळ बसून राहिले आणि कोणते लक्षण कोणत्या वेळी उमटते ते लिहीत गेले. उलटी, भरपूर घाम, लाळ आणि गार हातपाय या खुणा म्हणजे हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ सूचना होय, हे त्यांना दिसून आले. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. खेड्यातील आरोग्य केंद्रात, कोणत्याही यंत्राशिवाय, डोळ्यांनी आणि हाताच्या स्पर्शाने गोळा केलेले ते ज्ञान होते.

पुण्यात एम.डी. पूर्ण करून ते पुन्हा याच भागात परतले. आता त्यांच्यापुढचा प्रश्न स्पष्ट झाला होता. हृदय थकते ते आवळलेल्या वाहिन्यांशी झुंजून, तर मग हृदयाला चाबूक मारण्यापेक्षा त्या वाहिन्या सैल केल्या तर? पोलादपूर येथे त्यांनी फुफ्फुसांत पाणी भरलेल्या बालरुग्णाला रक्तवाहिन्या सैल करणारे औषध सलाइनमधून दिले आणि मूल वाचले. पण या औषधाने रक्तदाब क्षणात उतरतो, म्हणून थेंबाथेंबावर पहारा ठेवावा लागतो. प्रत्येक खेड्यातील डॉक्टराला ते जमणारे नव्हते. तेव्हा त्यांची दृष्टी प्राझोसिन या गोळीकडे वळली. ही रक्तदाबाच्या रुग्णांना दिली जाणारी स्वस्त गोळी. तिचे काम हेच की ॲड्रिनलिनच्या कुळातील द्रव्यांची आज्ञा रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचू न देणे. १९८६ साली डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या उपचाराचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. वेळेवर गोळी मिळालेल्यांचे मृत्यू शेकडा १ च्या आसपास आले.

या उपायाचे मर्म विषाला मारण्यात नव्हते. विष अंगातच राहिले. उपचाराने राखणदाराला शांत केले आणि देहाला आपली शक्ती पुरवून वापरण्यास अवधी दिला. बाकीचे काम देहाने स्वतःच केले.

पुढे प्रतिविषही आले. हाफकिनच्याच नावाने चालणाऱ्या औषधनिर्मिती महामंडळाने तांबड्या विंचवावरील खास प्रतिविष तयार केले. मुंबईचे डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी विंचूदंशात शरीरातील इन्शुलिनचा तोल कसा बिघडतो यावर दीर्घकाळ संशोधन केले. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण भागातील डॉ. नातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिविषाच्या वापराचे अनुभव २००६ आणि २०१० साली वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्या ७० रुग्णांचा अभ्यास आला. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण १० तासांत पूर्ण बरे झाले होते. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२. राखणदाराला शांत करणे आणि शत्रूला आवरणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा पूर्ण यश मिळाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

एका विंचवाने दिलेला धडा

हा धडा आता इतर आजारांतही पटू लागला आहे. जंतुसंसर्ग रक्तात पसरून एकामागून एक अवयव बंद पडतात, त्या अवस्थेची नवी व्याख्या जगातील तज्ज्ञांनी २०१६ साली केली. तीत भर आहे तो संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादावर. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलातून येणारा लेप्टो कोकणाला चांगलाच माहीत आहे. त्यातही मूत्रपिंड, यकृत आणि फुफ्फुसे अशी एकेक भिंत खचत जाते. २०२० च्या कोविड साथीत तर प्रत्येक घराने पाहिले की काही रुग्ण विषाणूचा भर ओसरू लागला असताना अत्यवस्थ होतात. त्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की डेक्सामेथासोन हे शरीराचा दाह आवरणारे जुने, स्वस्त औषध कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. येथेही उपाय राखणदाराला आवरण्याचाच होता.

मात्र यावरून देहाची प्रतिकारशक्ती ही शत्रू ठरवणे चुकीचे होईल. तिच्यावाचून आपण एक दिवस जगणार नाही. तिला मर्यादा आहे आणि त्या मर्यादेपाशी तिला बाहेरून हात द्यावा लागतो, एवढेच यातून घ्यावयाचे. तो हात वेळेवर पोहोचणे हे सर्वांत महत्त्वाचे. म्हणून या इतिहासाच्या शेवटी आमच्या वाचककुटुंबांना काही साध्या गोष्टी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

राबाला किंवा लाकडाच्या राशीला हात घालताना आधी काठीने हलवावे. वहाणा व कपडे झटकून घालावेत. अंथरूण जमिनीवर असेल तर ते भिंतीपासून दूर ठेवावे. विंचू चावलाच तर जागा कापू नये, जळता पदार्थ लावू नये, आणि कळ थांबली म्हणून स्वस्थ बसू नये. उलटी, घाम, लाळ आणि गार हातपाय, या चारांपैकी एक जरी खूण दिसली, विशेषतः मुलात, तर त्याच क्षणी जवळच्या आरोग्य केंद्राचा किंवा रुग्णालयाचा रस्ता धरावा. दंश किती वाजता झाला ते डॉक्टरांना सांगावे. गोळी मात्र घरी आपल्या मनाने देऊ नये. रक्तदाब पाहून ती देणे हे डॉक्टरांचे काम आहे.

मांत्रिकाच्या दारी जाणारा बाप आणि आरोग्य केंद्राच्या दारी जाणारा बाप यांच्या मायेत फरक नसतो. पहिल्याजवळ दुसरा रस्ताच नव्हता. परळच्या प्रयोगशाळेत शेकडो मुळ्या उगाळून त्यांपुढे नकार लिहिणारे फादर कायुस आणि डॉ. म्हसकर, आणि बिरवाडीत रात्ररात्र मुलांच्या उशाशी बसून लक्षणांच्या वेळा टिपणारे डॉ. बावस्कर यांनी तो रस्ता तयार केला. आजही कोकणच्या एखाद्या वाडीत रात्री विंचू चावतो आणि सकाळी मूल आपल्या पायांनी घरी परतते, तेव्हा त्याच्या घरच्यांना ही नावे ठाऊक असण्याची गरज नसते. आपल्याला मात्र ती ठाऊक असावीत, असे आम्हांला वाटते.